चोवीस व्होल्टची फरशी

बाबांचे पाय गेले त्या वर्षी मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि अमरावतीत मुलींच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवत होते. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. बाबा दिवाणी वकील. घरात फारसं न बोलणारा, जे काही बोलायचं ते कोर्टात बोलून येणारा माणूस. पावसाळ्यात त्यांना ताप आला, पंधरा दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा कमरेखालचं बळ घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचं दुखणं आहे, थोडंफार बळ परत येईल. आलं नाही. पायांना स्पर्श कळायचा, गरम-गार कळायचं, उभं मात्र राहता येत नव्हतं.

आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. माझा थोरला भाऊ, दादा, इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. त्यामुळे घरात आम्ही दोघंच होतो. मला तोवर चार-पाच स्थळं सांगून आली होती. बाबांचे पाय गेल्यावर ती येणं थांबलं, आणि खरं सांगायचं तर मलाच तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटण्याचा अर्थ कळायला पुढं दोन वर्षं लागली.

नागपूरहून चाकांची खुर्ची आणली. बाबा तिच्यात दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्याच घरात माणसानं गाडीत बसून हिंडायचं?" आणि खाली उतरले ते कायमचे. त्यांनी गवंडी बोलावून तिन्ही खोल्यांचे उंबरठे काढून घेतले. दोन्ही तळवे जमिनीवर टेकायचे, अंग उचलायचं, पुढं सरकायचं, पाय मागून ओढले जायचे. असं करत ते पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत आणि तिथून मोरीपर्यंत जायचे. पुस्तकं खालच्या फळीवर आली. पाण्याचा माठ खाली आला. महिनाभरात आमचं सगळं घर कमरेच्या खाली उतरलं.

ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक चाललं. वऱ्हाड म्हटलं की लोक उन्हाळ्याबद्दलच बोलतात, पण आमच्याकडची डिसेंबरातली पहाट ज्यांनी काळ्या फरशीवर काढली आहे त्यांनाच ती माहीत. मी चपला घालून वावरायचे. बाबांचं तर अर्धं अंग फरशीला लागलेलं. सतरंजी टाकली तर सरकताना तिचा गोळा व्हायचा. गादी घातली तर हात रुतायचे. कोळशाची शेगडी ठेवली, तर एका सकाळी ओढत आणलेला पाय शेगडीला लागला आणि घोट्याजवळ रुपयाएवढा फोड आला. त्या हिवाळ्यात ते दुपारपर्यंत अंथरुणातच राहायला लागले. मी शाळेतून यायचे तेव्हा सकाळी हातात दिलेलं वर्तमानपत्र त्याच घडीत उशीशी असायचं.

हे सगळं मी दादाला लिहिलं. महिन्याभरानं त्याचं पत्र आलं, आणि आत एका इंग्रजी मासिकातून कापलेलं पान. तिकडं नवीन घरं बांधताना जमिनीखाली विजेच्या तारा पुरतात, त्यानं सगळी खोली खालून गरम होते, असं त्यात लिहिलं होतं. सोबत एक चित्र. तार खोलीभर नागमोडी फिरवलेली. दादानं खाली एकच ओळ लिहिली होती : "हे आपल्याकडे जमेल का बघ, तुझा विषय आहे."

माझा विषय होता खरा. तारेतून वीज गेली की तार तापते, हे मी दर वर्षी नववीच्या मुलींना शिकवत होते. पण फळ्यावर शिकवणं वेगळं. मी गावातल्या तीन विजेच्या दुकानांत जाऊन आले. एकानं विचारलं, "वकीलसाहेबांना फरशीत करंट लावता काय, बाई?" आणि त्याच्या दुकानातले सगळे हसले. तिसऱ्या दुकानातला म्हातारा मात्र हसला नाही. त्यानं सांगितलं की अकोल्याला एक मिस्त्री आहे, कापसाच्या जिनिंगच्या मोटारी जळाल्या की त्यांच्यात नवी तार भरून देतो, त्याला विचारा. डोकं चालणारा माणूस आहे.

एका रविवारी बाबांचं जेवण झाकून ठेवून मी बडनेऱ्याला गेले आणि तिथून गाडीनं अकोल्याला. मिस्त्रीचं वर्कशॉप म्हणजे कापसाच्या एका जिनाच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड. आत व्हार्निशचा वास, उघडून ठेवलेल्या मोटारी, खुंट्यांवर तांब्याच्या तारेची वेटोळी. मिस्त्री पस्तिशीचा असेल. अंगात खाकी सदरा, कानावर पेन्सिल. मी दादानं पाठवलेलं चित्र दाखवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. कोण दुखणेकरी, त्यांना काय होतं, फरशी कसली. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. मग कागद उन्हात धरून पाहिला.

"हे दोनशे तीस व्होल्टवर चालवतेत लोक?" त्यानं विचारलं.

"तसं वाटतं."

"त्यायच्याकडं तशी तार भेटत असन. आपल्याइकडं नाई भेटत. अन् मानूस त्या फरशीवर वल्ल्या हातानं सरकनार. आपून चोवीस व्होल्ट करू. मी ट्रान्सफॉर्मर भरून देतो. चोवीस व्होल्टात मुंगीबी मरत नाई. मंग साधी जस्ताची जाड तार चालते, कुंपनाची असते ना, तशी."

मी त्याच्या पेन्सिलीनं तिथंच गणित करायला बसले. तारेची जाडी, लांबी, किती वीज खाईल. तो शेजारी उकिडवा बसून माझे आकडे बघत होता. मी एका ठिकाणी चुकले तेव्हा त्यानं बोट ठेवलं. सगळी मिळून दोन इस्त्र्यांएवढी वीज लागेल, असं निघालं. शिकलेल्या माणसानं माझ्यासोबत बसून काहीतरी सोडवावं, असं कॉलेज सुटल्यापासून झालं नव्हतं. हा माणूस तर चौथीपर्यंत शिकलेला होता, हे त्यानंच नंतर सांगितलं.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत काम करायचं ठरलं. तोवर त्यानं ट्रान्सफॉर्मर भरायचा आणि मी घरी जास्त विजेचं कनेक्शन मागायचं. त्या कनेक्शनसाठी सात महिने गेले, ते असो.

दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. रोज सकाळच्या गाडीनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. पहिल्या दिवशी बाबांनी त्याला समोर बसवून घेतलं. मी दारातून ऐकत होते.

"याआधी अशा किती फरश्या केल्यात?"

"एकबी नाई, साहेब."

"म्हणजे ही पहिली?"

"व्हय."

"आणि ती माझ्या घरात?"

"तुमचाबी कोनी पहिला पक्षकार असनच न, साहेब."

बाबा हसले. मोठ्यानं, खांदे हलवून हसले. दीड वर्षात मी ते पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला चहा करायला पाठवलं आणि चहा होईपर्यंत त्याला आणखी काय काय विचारत राहिले.

फक्त मधली खोली करायची होती, कारण बाबांचा दिवस तिथंच जायचा. ती रिकामी केली. बाबांना पुढच्या खोलीत पलंगावर नेलं. तिथून त्यांना हलता येत नव्हतं आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा. दुपारी मिस्त्री जेवायला बसला की ते हटकून सांगायचे, "त्याचं पान इथं माझ्यासमोर मांड." मग पलंगावर ते आणि खाली तो, असं दोघं जेवायचे आणि कोर्टातल्या नाहीतर जिनातल्या गोष्टी चालायच्या. जिनात सरकीचा ढीग कसा पेटला, वगैरे.

गवंड्यानं फरशा उचलून नंबर घालून भिंतीला लावून ठेवल्या. खालची माती वीतभर काढली. मिस्त्रीचं म्हणणं असं की नुसती तार घातली तर अर्धी गरमी खाली जमिनीतच जाईल, खाली काहीतरी पोकळ, जळकं पाहिजे. मग बडनेऱ्याहून इंजिनांची जळकी राख बैलगाडीनं मागवली. ती अंथरून, चोपून, वर सिमेंटचा पातळ थर दिला. तो वाळल्यावर खरं काम.

तारेचं काम दोघांचं असतं. खोलीच्या दोन्ही बाजूंना, भिंतींलगत, चार-चार बोटांवर खिळे ठोकलेले. एकानं तार ताणून धरायची, दुसऱ्यानं खिळ्याभोवती वळवून परत आणायची. तारेचे पदर एकमेकांना लागले तर संपलं. त्याला हाताखाली माणूस आणता आला असता, पण पहिल्याच दिवशी मी टोक धरलं आणि मग ते माझ्याच हातात राहिलं. मी पदर खोचून गुडघ्यांवर बसायचे. तो म्हणायचा, "वढा, बाई," की मी ओढायचे. "सोडा," की सोडायचे. तासन् तास या दोन शब्दांपलीकडं बोलणं नसायचं. खोलीचे दोन भाग केले होते, खिडकीकडचा आणि दाराकडचा, प्रत्येकाची तार वेगळी. मी शाळेतून तारेचा विरोध मोजायचं यंत्र आणलं होतं. प्रत्येक पदर झाला की त्याची दोन टोकं यंत्राला जोडून मी काटा बघायचे आणि आकडा सांगायचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बरोबर."

एकदा मी आकडा सांगितला आणि तो म्हणाला, "नाई. पुन्ना पाहा." मी पुन्हा पाहिलं. माझीच चूक होती. "तुमी दमले," तो म्हणाला, "पानी घ्या." आणि स्वतः उठून माठातून पाणी घेऊन आला. आमच्या घरात मला कुणी पाणी आणून देण्याचे दिवस आईबरोबर संपले होते. मी पाणी प्यायले आणि पुन्हा टोक धरलं. यात दुसरं काही नव्हतं. पण रात्री हाताला पडलेल्या तारेच्या वळांवर तेल लावताना मला उद्याची सकाळ लवकर व्हावीशी वाटायची, आणि मला तसं वाटतंय हे कळून मी गप्प पडून राहायचे.

तारा पुऱ्या झाल्या, वर सिमेंट आलं, फरशा नंबराप्रमाणे परत बसल्या. कोनाड्यात ट्रान्सफॉर्मर. दोन माणसांनी मिळून उचलावा एवढा जड. त्यातून निघालेल्या तांब्याच्या जाड पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर नट. समोर भोकं पाडलेली लाकडी झडप. जाताना मिस्त्रीनं एक पाना माझ्याजवळ ठेवला. "राहू द्या घरात, लागलाच तं." मग सिमेंट मुरण्यासाठी तीन आठवडे थांबायचं होतं. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. मी रोज संध्याकाळी येऊन रिकाम्या खोलीत पाणी मारायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो फरशी चालू करायला आला. थंडी चांगली पडली होती. आम्ही बाबांना पलंगावरून उतरवून मधल्या खोलीत आणलं. मिस्त्रीनं खटका दाबला. कोनाड्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. पुढं काहीच नाही. पाव तास झाला, अर्धा तास झाला, फरशी गारच. मी मनातल्या मनात सगळं गणित पुन्हा केलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता, बिडीसुद्धा ओढायला बाहेर गेला नाही. बाबांनी डावा तळवा जमिनीवर पसरून ठेवला होता.

तासाभरानं ते म्हणाले, "इथं."

मी हात लावला. कोमट नव्हती म्हणण्यासारखी, पण गारही नव्हती.

"इथं आहे, आणि इथं आहे," बाबा म्हणाले, आणि तळव्यानं चाचपत सरकायला लागले. तारेचा एकेक पदर त्यांना लागत गेला. खिडकीपर्यंत गेले, तिथून वळले, दारापर्यंत आले. दुपारपर्यंत सगळी खोली सारखी झाली, सकाळचं ऊन पडून गेलेल्या अंगणासारखी. तेव्हा बाबांनी धोतर गुडघ्यांवर घेतलं आणि दोन्ही पाय हातांनी सरळ करून फरशीवर लांब केले. मग स्वतः आडवे झाले. डोळे मिटून. त्यांच्या कानशिलांवरून पाणी वाहत होतं. मिस्त्री उठून बाहेर गेला. मीही स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. "चांगलं झालं," मी म्हटलं.

"तुमी तार सरळ धरली म्हनून झालं," तो म्हणाला आणि स्टेशनच्या रस्त्यानं चालायला लागला.

तो हिवाळा बाबांचा चांगला गेला. सकाळी सातलाच ते मधल्या खोलीत यायचे. पुन्हा वाचायला लागले. त्यांच्या कोर्टातला एक निवृत्त कारकून रोज येऊन त्यांच्याजवळ मांडी घालून बसायचा, दोघं वर्तमानपत्र वाटून घ्यायचे. मी दादाला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते मी बाबांना वाचून दाखवायला बसले आणि मधल्या चार ओळी गाळून वाचल्या. त्यानं लिहिलं होतं, "तुला एक सांगायचं राहिलं. असली फरशी मी स्वतः कधी पाहिलेली नाही. माझ्या खोलीत रॉकेलचा हीटर आहे, त्याच्याजवळ पाय ठेवून मी ते मासिक चाळत होतो. तुम्ही आता माझ्यापेक्षा सुखात आहात. बाबांना हे सांगू नकोस." इतकी वर्षं मी त्याला मनात काचेच्या खिडक्यांच्या, उबदार घरात बसवून ठेवला होता. ते पत्र मी कपाटात तळाशी ठेवलं. कुणाला सांगणार होते? कारकून गेल्यावर संध्याकाळी आम्ही दोघंच बसायचो. बाबा पुस्तकात, मी वह्या तपासत. कोनाड्यातली गुणगुण तेवढी ऐकू यायची. खोली गरम होती आणि माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

आता सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीत एका दुपारी बाबा झोपले होते. मी कोनाड्याची झडप उघडली. खटका बंद केला. पाना घेतला आणि दाराकडच्या तारेच्या पट्टीवरचा नट ढिला केला. खाली दुसरा नट होता, तोही ढिला केला, पट्टी सुटेपर्यंत. मग झडप लावली, खटका चालू केला आणि मिस्त्रीला कार्ड लिहिलं : "दाराकडची अर्धी फरशी गार पडली आहे. सवडीनं येऊन बघावी." शाळेची हजेरी लिहावी तसं सगळं मी शांतपणे केलं. चार दिवस बाबा खिडकीकडच्या अर्ध्या भागात बसून राहिले. ते पाहताना मात्र मला अन्न गोड लागेना. पण नट मी पुन्हा आवळले नाहीत.

रविवारी तो आला. पिशवी ठेवली, बाबांना नमस्कार केला आणि सरळ कोनाड्याशी गेला. मी त्याच्या मागं उभी होते. त्यानं झडप काढली, खटका बंद केला, पट्टीला बोट लावलं. ती हलली.

"बाई, हितं मी दोन नट घातले व्हते," तो हळू म्हणाला. "एकावर एक. मोटार धडधडते तरीबी ते सुटत नाईत. हा ट्रान्सफॉर्मर तं हलतबी नाई जागचा."

माझे कान तापले होते.

"पाना द्या," तो म्हणाला.

मी दिला. त्यानं दोन्ही नट आवळले, अंगातलं सगळं बळ लावून. झडप बसवली. खटका दाबला. मग हात पुसत उठला आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, "आता नाई ढिले व्हनार."

चहा मात्र त्यानं घेतला. बाबांशी इकडचं तिकडचं बोलला. मी पैसे विचारले तर म्हणाला, नट आवळायचे काय पैसे घ्यायचे. दुपारच्याच गाडीनं गेला. या वेळी मी फाटकापर्यंत गेले नाही. पाना तो सोबत घेऊन गेला होता, हे मला दोन दिवसांनी कळलं.

त्या संध्याकाळी बाबांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"त्याला घरसंसार आहे का, हे तू कधी विचारलंस?"

मी वह्यांवरून मान वर केली नाही. "नाही."

"मी विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, तू चहा करत होतीस तेव्हा. बायको आहे. दोन मुली आहेत."

"मग मला का नाही सांगितलंत?"

साक्षीदाराला घाई न करणारा हा माणूस, स्वतःलाही त्यानं घाई केली नाही.

"तू त्या दिवसांत गुणगुणत होतीस," ते म्हणाले. "तार ओढताना. तुला ठाऊकसुद्धा नव्हतं. मी पलंगावर पडून ऐकत होतो. मला ते बंद करवेना."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच होते, पुन्हा निवडले. थोड्या वेळानं तळव्यांचा आवाज आला. बाबा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकत आले होते. तिथली फरशी गार होती. ते बराच वेळ तिथं बसून राहिले. मी "आत जा, थंडी आहे" म्हटलं तेव्हा म्हणाले, "राहू दे." त्या विषयावर आम्ही पुढं कधीच बोललो नाही. पण त्यानंतर बाबा संध्याकाळी पुस्तक लवकर मिटायचे आणि मला शाळेतलं विचारायचे. कोणती मुलगी हुशार आहे, मुख्याध्यापिका आज काय म्हणाल्या. त्यांना त्यात रस नव्हता, मला कळायचं. तरी मी सांगायचे.

आणखी तीन हिवाळे गेले. बाबा आषाढात गेले, झोपेत. दादा क्रियेला पोचू शकला नाही. त्याची तार आली, पाठोपाठ पत्र आलं. त्या वर्षीच्या डिसेंबरात मी फरशी एकदाच चालू केली. मधल्या खोलीत बसले. तास झाला, खोली गरम झाली, आणि एवढी मोठी खोली एका माणसासाठी तापवायची हे मला काही केल्या बरं वाटेना. मी खटका बंद करून पलंगावर जाऊन बसले. पाय वर घेऊन.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली अकोल्याला झाली. मी अर्ज केला नव्हता. रद्द करून घेण्यासाठी कुणाला भेटावं तर भेटता आलं असतं. भेटले नाही. अमरावतीचं घर एका मास्तरांच्या कुटुंबाला भाड्यानं दिलं आणि अकोल्यात शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. जिनाकडच्या रस्त्याला मी वर्षभर गेले नाही. बाजाराला जायचा जवळचा रस्ता तोच होता, तरी मी लांबून जायचे.

आणि गाठ पडली ती भाजीबाजारातच. मिस्त्री, त्याची बायको आणि दोन मुली. तो थोडा जाड झाला होता. त्यानंच मला आधी ओळखलं.

"बाई, तुमी हितं?"

मी बदलीचं सांगितलं. त्यानं वकीलसाहेबांचं विचारलं. मी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि त्या गर्दीत, वांग्यांच्या ढिगाजवळ, थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्याची बायको माझ्याकडं बघत होती. ठेंगणी, तोंडभर हसणारी बाई. "त्या काय तुमी, अमरावतीच्या," ती म्हणाली. "घरी या न कधी. आमच्या थोरलीले गनित येत नाई, तुमी सायन्सच्या ना?" मी "येईन" म्हटलं, जसं सगळेच म्हणतात.

पण संक्रांतीला मी खरंच गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. बहुधा शाळेला सुट्टी होती आणि दोन खोल्यांत दिवस जाईना. मिस्त्री घरी नव्हता, मूर्तिजापूरला एका जिनात मोटार जळाली म्हणून सकाळीच गेला होता. त्याच्या बायकोनं मला हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला, पितळेच्या पेल्यात चहा दिला. घर स्वच्छ होतं, लहान होतं. खुंटीवर खाकी सदरा होता. थोरली मुलगी सातवीत होती. तिची वही मी पाहिली तर अपूर्णांकांपाशीच गाडं अडलेलं. मी तिथंच खाली बसून तिला दोन उदाहरणं करून दाखवली. तिसरं तिनं स्वतः केलं.

त्यानंतर दोन वर्षं ती दर रविवारी सकाळी माझ्याकडं गणिताला येत होती. वेळेवर यायची, वही उघडायची, मान खाली घालून करत राहायची. मी तिला चिवडा द्यायचे, कधी शिरा करायचे. तिला शाळेचं विचारायचे, आईचं विचारायचे, धाकटीचं विचारायचे. वडिलांबद्दल मी तिला कधी काही विचारलं नाही, आणि तीही आपणहून काही बोलली नाही. अकरा वाजले की ती वह्या गोळा करून निघायची. मी दार लावून घ्यायचे आणि तिची बशी विसळून ठेवायचे.